शेपूट कुठे झुकते

यावलहून सकाळच्या काळीपिवळीनं
डोंगरकठोऱ्यात उतरले तेव्हा
हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र, आणि मागे
एक तांबूस कुत्रं, एक कान फाटलेलं.
टॅबमध्ये रकाने: गाय संकरित, गाय देशी,
म्हैस, शेळी, कोंबडी परसातली.
डोक्यात मात्र दुसरंच भरलेलं,
शाळेपासून जमवलेलं, कुणी न मागितलेलं.

पहिलं घर सुपडू फेगड्यांचं. गाई तीन.
मी म्हटलं, काका, एका गाईच्या नाकावरच्या रेघा
दुसरीशी जुळत नाहीत, आपल्या अंगठ्यासारख्याच.
“मंग तिचाच ठसा घे ना,” ते म्हणाले,
“मले कायले उठवते?”
गोठ्याच्या उंबऱ्यावरून मुंगळे चालले होते.
मुंगळा म्हणतो आपण, पुल्लिंगी,
पण रांगेतली एकूण एक बाई असते,
कामाला निघालेली.
काकू कळण्याची भाकर थापत होत्या,
मान वर न करता म्हणाल्या, “त्यात नवीन काय?”
आणि ते कुत्रं?
“आमचं नाही.”

सायबू तडवीकडे शेळ्या एकवीस.
शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी, फटीसारखी;
चरायला मान खाली गेली की
डोळा खोबणीत फिरतो,
फट जमिनीला समांतरच राहते.
त्यानं एकीची मान धरून वाकवली,
वर केली, परत वाकवली.
शेळी वैतागून ओरडली.
“चाळीस वर्सं चारून राह्यलो,” तो म्हणाला,
“आन् सांगाले तू आली यावलहून.”
कुत्रं त्याच्या चपलेवर बसलं होतं.
“माह्यं? नाही माय.”

नाल्यापलीकडे काठेवाडी उतरलेले. उंट चार.
वेजाभाईंना सांगितलं, उंटाच्या रक्तातल्या पेशी
गोल नसतात, लांबट असतात,
तहानेनं रक्त घट्ट झालं तरी सरकत राहतात.
त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं,
गावातला हापसा चालू आहे का.

दुपारी उंबराखाली डबा उघडला.
उंबराबद्दलही एक गोष्ट मला माहीत आहे,
आतल्या बिनपंखी नरांची,
जे मादीसाठी वाट कोरतात आणि आतच मरतात.
जेवताना ती कुणालाच सांगितली नाही.
अर्धी भाकर कुत्र्याला.

पाड्यावर शेवटचं घर, रूमलीबाई पावरा.
शेळ्या?
“परवापर्यंत एक.”
बिबट्याला रकाना नाही, परवालाही नाही.
शून्य टाकलं. दोघी ओट्यावर बसून राहिलो.
काय बोलावं सुचेना, म्हणून मी
रानपिंगळ्याचं सांगायला लागले:
जात घुबडाची, पण शिकार दिवसाढवळ्या;
एकशे तेरा वर्षं कुणाला दिसला नाही,
संपला असं धरून चालले होते लोक,
आणि सत्त्याण्णव साली शहाद्याकडच्या रानात
फांदीवर बसलेला सापडला. उन्हात.
“तोवर कोणी शोधलं नाही?”
शोधलं की. पण भलतीकडे.
एका साहेबानं चोरून आणलेल्या पक्ष्याला
चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर खोटं गाव.
रूमलीबाई माझ्या टॅबकडे बघत राहिली.
“तू नीट लिहिलं ना?”

मी नीट लिहिलं होतं. राहिलं होतं ते कुत्रं.
पाळीव की भटकं, त्याशिवाय पान पुढे सरकेना.
तेव्हा आठवलं:
मालक दिसला की कुत्र्याची शेपटी
उजवीकडे जरा जास्त झुकते, परक्यापुढे डावीकडे.
कुणीतरी मोजून पाहिलंय हे.
मी वाकले. रूमलीबाईपुढे ती हलत होती,
पण उजवी म्हणजे त्याची उजवी की माझी?
समोरून उलटं होतं. मी मागे जायचे,
तर तेही वळायचं.
रूमलीबाई हसली, त्या दिवसात पहिल्यांदा असेल,
पदर तोंडाला लावून.
“आमचं नाही ते,” म्हणाली, आणि आत जाऊन
थाळीत पाणी घेऊन आली.

खाली रस्त्यावर काळीपिवळी हॉर्न देत होती.
कुत्रं गाडीपर्यंत आलं.
शेपटी कुठे झुकत होती ते मी पाहिलं नाही.
“भटके” वर बोट ठेवलं,
पान पुढे सरकलं.