विहीर सोडून

चौकट आतून कधीच संपली होती.
वर पांढरा ऑइलपेंट, तसाच तुकतुकीत.
झाडूचा दांडा लागला आणि
चार बोटं लाकूड पिठासारखं सांडलं.

पहिला पणजीहून आला, टॅबलेट घेऊन.
दहा वर्षांची हमी, वास नाही,
आज होकार दिलात तर झुरळं फुकट.
सुलक्षावहिनी खुदकन हसल्या.

दुसरा आलाच नाही.
फोनवर चौरस फूट विचारले
आणि निम्म्या दरात सगळं मारून मोकळा.

तिसरा इनास,
बाणस्तारीच्या पुलापलीकडून माशेलला
स्कूटरवरून, तासभर उशिरा.
बोटाच्या पेराने ठोकत गेला,
कान लावून,
फणस पिकलाय का पाहावं तसा.
(चौकट फणसाचीच होती.)
मग विचारलं, "बांय खंय?"

मागच्या दारी नेलं.
त्याने पावलं मोजली. नऊ.
कठड्यावरून वाकून पाणी पाहिलं,
कळशीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"ह्या अंगाला जमिनीत औषध नाही ओतणार मी.
आमिष लावू. वेळ लागेल.
आणि ही चौकट गेली, बाय.
तिचे पैसे सुताराला द्या."

हमी?
"दोन वर्षं.
पुढचं वाळवीला विचारा."

मी आगाऊ रक्कम मोजली.
पावतीवर त्याने
मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं:
विहीर सोडून.

पणजीवाल्याचे अजून फोन येतात.
झुरळं माझ्याकडे
तशीही फुकटच राहतात.