परत न गेलेलं पत्र

त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही.
जूनमध्ये विटबीच्या कड्यांवर बर्फ,
ओट उभ्याउभ्या काळे पडलेले,
आणि टपालगाडी रोज कुठेतरी रुतलेली.
टपाल माझ्या दुकानात उतरायचं,
मेणबत्त्या आणि खारवलेल्या हेरिंगच्या मधल्या फळीवर.
पत्राचे पैसे तेव्हा धाडणारा देत नसे,
घेणारा देई.
नको असेल तर नको म्हणायचं,
पत्र आल्या वाटेनं माघारी.

मिस थिओडोशिया रॅग दर महिन्याला नको म्हणायची.

चॅटमहून यायचं ते. लांबचं अंतर, एक शिलिंग.
धाडणारा लेफ्टनंट नॅनकॅरो, अर्ध्या पगारावर;
लढाई संपली तशी जहाजं दोरांना बांधून ठेवलेली,
माणसंही.
ती पत्र उजेडाकडे न्यायची
आणि पत्ता वाचायची. फक्त पत्ता.
नाडी बघावी तसा अंगठा नावावर ठेवून.
मग म्हणायची, “पैसे नाहीत, डॉर्कस. जाऊ दे परत.”
आणि त्या गारठ्यात अशी चालत जायची
की जणू हातमोज्यात गरम बटाटा आहे.

मी आंधळी नाही.
तिसऱ्या पत्राला उमगलं:
आडनावाच्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट, म्हणजे तो बरा आहे.
पहिल्या अक्षराची आडवी रेघ वर चढली, म्हणजे जहाजाची आशा.
आणि नावाखाली शाईचा ठिपका, दर वेळी.
त्याचा अर्थ मी लावत बसले नाही.
दोघं मिळून राजाच्या टपालाला फसवत होती.
मी मूग गिळले, चहा तोलला.

काकांनी तिच्यासाठी मिस्टर ओल्डरॉइड पाहिले.
तुरटीचा कारखाना, विधुर, दोन घोड्यांची बग्गी.
अंगाला कितीही लॅव्हेंडर चोळलं तरी कारखान्याचा वास आधी आत यायचा
(तुरटीत काय काय ओततात ते आमच्याकडे पोरांनाही ठाऊक).
सप्टेंबरच्या नाचाला ती त्यांच्याबरोबर दोनदा उभी राहिली.
दोनदा म्हणजे बोलणी.
तिसऱ्यांदा म्हणजे चर्च.

सातवं पत्र आलं आणि ती आलीच नाही.
तीन आठवडे फळीवर पडून होतं.
शेपूट आखूड. ठिपका नाही.
परत पाठवायचा दिवस आला
तेव्हा मी पदरमोड केली.
शिलिंग गल्ल्यात टाकला, नोंद केली,
आणि रात्री लाख फोडली.

आत काही नव्हतं.
पालथा केला, दिव्यावर धरला
दुधानं लिहिलं असेल म्हणून.
कोरा.
आधी शिलिंगचा राग आला, खोटं कशाला बोलू.
मग वाटलं, जे उघडायचंच नाही
त्यात कोण कशाला लिहील?
सहाही तशीच गेली असणार,
सगळं बोलणं दारावर, आत घर मोकळं.
कागद चांगला होता. त्यावर उधारी मांडली.

नोव्हेंबरात तो आला.
गुडघ्यापर्यंत चिखल, पुढचा एक दात किडका.
टोपी काउंटरवर ठेवून म्हणाला,
“सहा परत आली, बाई. सातवं नाही आलं.
तिनं पैसे भरले. म्हणजे तिनं...”
आणि पुढे त्याला बोलवेना.
त्याच्या डोक्यामागे खिळ्याला
त्याचाच कागद लटकत होता:
खाटकीण, दोन पौंड साखर, बाकी.
मी म्हणाले,
“चढावर, हिरवं दार. रविवारी जेवणानंतर काका घोरतात.”

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं.
फक्त लग्नानंतर महिन्याभरानं
ती मेणबत्त्या न्यायला आली.
खिळ्यावरचा कागद बराच वेळ पाहत राहिली,
घडीच्या खुणा, लाखेचा लाल डाग.
काही बोलली नाही.
गेल्यावर पाहिलं तर एक शिलिंग जास्त होता.
मी दारातून हाक मारली.
“असेल,” ती म्हणाली, “मी मोजले नाहीत.”

रॅगांची पोर.
न मोजता तिनं कधी पेनीसुद्धा दिली नव्हती.