पसरणी घाट, दुसरा गिअर

शोरूमवाला म्हणतो, गॅसवर घ्या बागवान,
किलोमीटरमागं निम्मा खर्च.
त्याचं पेन माझ्या कागदावर
सपाट रस्त्याचा हिशोब मांडतं.

मी त्याला बाहेर नेऊन जनरेटर दाखवतो.
दोन टनांचं धूड, हुकाला अडकवलेलं.
शूटिंग असलं की मेणवलीला,
लग्न असलं की वर पाचगणीला.
पसरणीच्या वळणावर ते मागं ओढतं
दावं ताणलेल्या म्हशीसारखं,
आणि तेव्हा गाडीला विचारावं लागतं,
आहे का गं पोटात काही?

डिझेल खालच्या आवाजात ‘आहे’ म्हणतं.
गॅसची गाडी आधी किंचाळते, मग विचार करते.

तरी परवा सुरूरच्या पंपावर
मेव्हण्याची गॅसवाली घेऊन मुद्दाम उभा राहिलो.
पाऊण तास.
पुढचा रिक्षावाला स्टिअरिंगवर झोपलेला.
वरात खोळंबली तर ही रांग
कुणाच्या बिलात लावायची?
शिवाय जनरेटर डिझेलच पितो,
दोघांना एकच कॅन पुरतो.

शमशादला विचारलं.
ती भाजी निवडत म्हणाली, डिझेल.
का, तर
‘रात्री दोनला गाडी बोळात शिरली की
मांडणीवरचे पेले वाजतात.
मग मला झोप लागते.’

हे शोरूमवाल्याला सांगितलं नाही.
त्याच्या कागदावर तसा रकाना नव्हता.

सही केली. हप्ता अठराशेनं जास्त.
फक्त म्हटलं, हुक जुनाच बसवा,
त्याला ओझं माहीत आहे.