जरा बाजूला सरका

अमळनेरला, दगडी दरवाजातून आत शिरलं की
आता जिथे मोबाइलची कव्हरं लोंबतात
तिथे खैरनारांचा स्टुडिओ होता.
गावातला प्रत्येक नवरदेव तिथे
एकदा तरी श्वास रोखून उभा राहिलेला.

फोटोच्या पाठीवर जांभळा शिक्का :
'छाया – पां. को. खैरनार'.
पडदा कुणाचा, ते शिक्क्यात मावलं नाही.

पडदा द्वारकाबाईंचा. म्हणजे त्यांच्या बायकोचा.
बारा हात मांजरपाट, गिरणीतला डागी माल,
त्याला ज्वारीच्या पिठाची खळ,
वर चुना, काजळी, गेरू, कपड्यांची नीळ.
दुकान बंद झाल्यावर काढायच्या, कंदील जमिनीवर ठेवून.
म्हणून त्या चित्रातल्या सगळ्या सावल्या
खालून वर चढतात.

संगमरवरी जिना हवा होता. त्यांनी पाहिला नव्हता.
कठड्याचे खांब लाटण्यासारखे उतरले.
हंस हवा होता, तर बोरीच्या पात्रातला बगळाच
मान जरा वाकवून तळ्यात बसवला.
आणि राजवाड्याच्या उजव्या अंगाला, कुणी न सांगता, केळ :
पानं वाऱ्यानं चिरलेली, शेतात असतात तशी,
कॅलेंडरवर कधीच नसतात तशी.

पांडुरंगराव वाईट नव्हते हो.
जळगावला गेले की हिरव्या रंगाची पुडी आणायचे.
फक्त कुणी विचारलं, पडदा कुठला,
तर म्हणायचे, मुंबईचा.

'मूळ पडदा?' मी मुलाला विचारलं.
'मिरच्या वाळवायला चांगला होता,' तो म्हणाला,
'पुढे उंदरांनी खाल्ला.'
आणि खुर्ची पुसून मला चहा दिला.

मी कलेचा इतिहास शिकवते.
मग मी फोटो मागत हिंडले. पारोळा, मारवड, डांगरी.
ट्रंकेतले, देवघरातले, काचेला चिकटून बसलेले.
चव्वेचाळीस जमले.
प्रत्येकात माणसं पुढे, ती मागे. धूसर.
रात्री टेबलावर पसरून मी एकेकाला विनवत होते :
मामंजी, जरा बाजूला सरका.
काकू, तेवढा पदर आवरा.
हवालदारसाहेब, तुमच्या टोपीमागे ढग आहे.
आणि मेलेली माणसं खरंच सरकली.
कुणी बोटभर, कुणी वीतभर.
एकाच्या काखेतून बगळ्याची चोच मिळाली,
जुळ्या भावांच्या मधल्या फटीत तीन पायऱ्या.

पडदा पुन्हा उभा राहिला.
मधोमध तेवढी एक जागा कोरी :
तिथे नेहमीच कुणीतरी असायचं.

पंचेचाळिसावा फोटो कोकिळाबाईंचा. वाया गेलेला,
म्हणून अर्ध्या पैशांत दिलेला.
पाच वर्षांची पोर, कॅमेऱ्याकडे पाठ,
लाल रिबिनी (त्याच सांगतात लाल; फोटोत काळ्या).
'पुढे दख व माय, पुढे दख,' सगळे ओरडत होते म्हणे.
तिनं वळून पाहिलं नाही.

'मागे काय होतं?' मी विचारलं.
सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं भरताची वांगी भाजता भाजता
चिमटा हवेत धरला.
'जिना उतरी ऱ्हायनी व्हती एक बाई.
नखएवढी.
हातमा कंदील.'

मी घरी येऊन भिंग लावलं.
बरोबर तिथेच, त्याच पायरीवर,
त्या पोरीचं डोकं.
मधला भांग, दोन वेण्या.
सगळ्या गावात जिनं एकटीनं पाहिलं
तिच्याच मागे ती लपलेली.

चव्वेचाळीस जणांना मी सरकवलं.
हिला नाही म्हटलं.