मोजणी, सिमरोल

सत्तेचाळीस तारे आहेत माझ्या तक्त्यात,
अजून पुरते तारे न झालेले.
प्रत्येकातून वायूचा एक झोत,
एकच,
आपल्याकडे येणारा.

"एवढे सगळे आपल्याचकडे बघून थुंकतात?"
पागनीस मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.
"अगं, दोन्ही अंगांनी सुटतं ते. पलीकडचं
धुळीच्या तबकडीआड गेलंय, एवढंच."
मग तक्त्याखालच्या कोऱ्या जागेवर
पेन्सिल टेकवून म्हणाल्या,
"आणि हे?"

तिथं काहीच नव्हतं.
त्या बाजूला दुर्बीण वळवलीच नव्हती मी.
अर्जात माझ्याच अक्षरात:
ठळक आहेत म्हणून निवडले.

रात्री हॉस्टेलच्या गच्चीवरून
खंडवा रोड बोटभर दिसतो.
घाटातून वर येणाऱ्या ट्रकचे पांढरे दिवे
मोजले, तासाभरात एकसष्ट.
जाणारे नऊ.
मागचा तांबडा दिवा धुळीत लगेच विझतो,
आणि वळणावर साग आहेत.
माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवला
तर इंदूर एव्हाना ट्रकांनी तुंबायला हवं होतं.

चौकीदार भेरूलाल शेकोटीचा हात चोळत वर आला.
"मैडम, कुछ तो बिना लाइट के उतरते हैं."
तुम्हाला कसं कळतं?
"ब्रेक से."
डोळे मिटूनच उभा होता तो.
म्हणजे वळण आलं की त्याला कळतं,
सरळ रस्त्यावर तोही बहिरा.

झोताचंही तसंच.
कशावर तरी आपटला तर उजळतो,
मोकळ्यात सुटला, कुणी अडवलं नाही,
तर कुठल्याच कागदात येत नाही.
आणि जो नेमका आपल्या रोखानं निघतो
त्याला लांबीच नसते, नुसता ठिपका.
त्याला मी गेल्या मार्चमध्ये
खराब म्हणून वगळलं होतं.
दोनदा.

खाली येऊन तक्त्याला एक रकाना जोडला:
कुठून पाहिलं.
भरायला फार वेळ लागला नाही.
पहिल्या ओळीत इथून,
दुसऱ्या ओळीत इथून,
सत्तेचाळिसाव्या ओळीतही.

खिडकी उघडीच होती.
घाटात कुणीतरी ब्रेक दाबला.