सुरी निसटली तिथे

आधी कडेनं धरायची, दोन तळव्यांत,
गरम ताटली धरावी तशी.
खाचांवर ज्याचं बोट पडतं
त्या गिऱ्हाइकाला मी आधी जोखतो, रेकॉर्ड नंतर.
मग ट्यूबलाइटखाली तिरकी करायची, हळू,
काळ्यावरून उजेड फिरत जातो
आणि लपलेलं सगळं वर येतं:
पाकिटात काढघाल करताना पडलेल्या केसाएवढ्या रेषा,
त्या दिसतात, वाजत नाहीत.
बुरशी. ती भांड्यांच्या साबणानं जाते.
आणि नखाला लागतो तो चरा.
तो जात नाही. फेऱ्याला एकदा टक् म्हणतो.

बारान्कियाचं ऊन रेकॉर्ड वाकवतं,
सुई मग होडीसारखी डुलते त्यावर.
पाण्यातल्या म्हशीचा सौदा मी करत नाही.
वाजवून बघतो, मग पैसे.
ओसाकाहून एक जण मागणी पाठवतो,
त्याच्याकडे श्रेण्या आठ.
माझ्याकडे चार:
नवी, लग्नाला चालेल, घरी चालेल, भिंतीला लाव.

मंगळवारी न्युरिस आल्ताओना आली,
बिअरच्या क्रेटमध्ये एकतीस रेकॉर्डी घेऊन.
तिचे वडील पिकोवाले. कपाटाएवढा स्पीकर,
त्यावर रंगवलेली मगर, डोळ्यांत लाल बल्ब.
गल्लीच्या तोंडाशी मगर गरजली
की भिंतीवरचे संत थरथरायचे.
मगर विकली, ती म्हणाली, बल्बांसकट.
हे उरलंय.

एकाही रेकॉर्डीला नाव नव्हतं.
मधला गोल कागद खरवडलेला,
कुठे राखाडी, कुठे एखाद्या अक्षराचा पाय.
तेव्हा खलाशी आणायचे, किन्शासाच्या, लागोसच्या,
आणि ज्याला मिळे तो आधी नाव पुसून टाकी,
पलीकडच्या पिकोवाल्यानं वाचू नये म्हणून.
गल्ली नाचायची त्यावर वर्षानुवर्षं
आणि गाण्याला म्हणायची
'मगरीचं ते, बाईच्या हसण्याचं'.

घरी चालेल. घरी चालेल. भिंतीला लाव.
लग्नाला चालेल, ही छानच.
एकोणिसावी तिरकी केली
आणि हात तसाच राहिला.

खरवडलेला कागद कुणाचाही सारखाच दिसतो.
पण इथे सुरी निसटली होती.
कागदाच्या काठावरून बाहेर,
गुळगुळीत पट्ट्यातल्या कारखान्याच्या नंबरावरून आडवी,
तो नंबरही गेलेला,
आणि थांबली होती शेवटच्या गाण्यात,
दोन खाचा आत.

मी चौदाचा होतो.
आल्ताओना रेकॉर्डीमागे दोन पेसो द्यायचा,
मागच्या अंगणात, कोंबड्यांत बसून खरवडायला.
त्या दिवशी तो ओरडला नाही.
अंगठ्यानं चरा चाचपला, म्हणाला, वाजेल.
आणि दोन पेसो दिले.

'हिचं नाव सांगता येईल?' न्युरिस विचारते.
'बाबा रात्री शेवटी हीच लावायचे,
खुर्च्या उचलायच्या आधी.'

जगात हे नाव शेवटचं ज्यानं पाहिलं
तो कदाचित मीच.
मी वाचलं नव्हतं.
अक्षरं घालवायचे पैसे होते, वाचायचे नाही.
एक मोठा एम आठवतो. किंवा डब्ल्यू,
मी कुठून बसलो होतो त्यावर आहे.

लावली.
गिटार एकमेकींच्या मागे पळत आल्या,
कुणी तरी नदीला किंवा बाईला हाक मारत होतं.
न्युरिस दारात उभी, क्रेट रिकामा, बोटं कमरेवर.
शेवटाकडे टक्.
मी श्वास धरला. आणखी एक टक्,
आणि त्याच क्षणी तिनं टाळी वाजवली,
माझ्याकडे न बघता, सवयीनं.
'इथे सगळी गल्ली वाजवायची,' ती म्हणाली.

तीस घेतल्या, घासाघीस केली नाही.
एकोणिसावी परत पाकिटात घातली, तिच्याकडे सरकवली.
ही नाही घेत. चरा आहे.

'कुणी पाडला, देव जाणे,' ती म्हणाली.

मी वाकून
सुईवरची धूळ फुंकली.