सात प्रश्नचिन्हं, मग आठ

ड्रायव्हरची नवी आवृत्ती आली.
गाडीचा ड्रायव्हर नव्हे,
शेठना एवढं पटवण्यात सकाळ गेली.
कारखान्याचं जुनं खातं एका खोलीत झोपतं,
पगारपत्रक छापणारा प्रोग्राम दुसऱ्या खोलीत,
दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नाही.
मध्ये हा बसतो, दुभाष्या.
सिव्हिल हॉस्पिटलात अम्माच्या शेजारी मी बसायचे, तसा.
डॉक्टर मराठीत सांगणार,
अम्मा माझ्याकडे वळून विचारणार, एमंटुंडु?
आणि जे मला तेलुगूत सांगवत नसे
ते मी गाळायचे.

जुना दुभाष्याही गाळायचा.
हजेरी, उचल, फंड,
पैशाचा इकडचा तिकडे नाही.
नावापाशी मात्र अडखळायचा.
प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी,
पाय मोडल्याची खूणसुद्धा,
एकेका प्रश्नचिन्हाखाली झाकून पुढे.
बारा वर्षं अक्कलकोट रोडच्या या शेडमध्ये
टॉवेल विणले ते प्रश्नचिन्हांनी.

मी मोजून ओळखायला शिकले.
सात प्रश्नचिन्हं, मोकळी जागा, मग आठ:
नरसय्या इराबत्ती.
पण सिद्राम कुरापाटीसुद्धा सात आणि आठच.
एका दिवाळीला बोनसची पाकिटं बदलली.
नरसय्याला कमी आले.
तो म्हणाला, राहू द्या की ओ,
त्याच्या पोरीची फी भरायची होती.
सिद्रामनं पुढच्या पगाराला परत केले,
वर शेंगाचटणीची पुडी.

नरसय्या बीम जोडतो.
जुना ताणा संपत आला की माग थांबतो,
नवा बीम चढतो,
आणि तो स्टुलावर वाकून
दोन हजार चारशे जुनी टोकं
दोन हजार चारशे नव्या टोकांना,
बोटांना राख लावून, चिमटीत पीळ देऊन,
ज्याचा धागा त्याला.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
पंखा लावायचा नाही, धागे उडतात.
पुढे तो टॉवेल कुणाच्या तरी ओल्या मानेवर पडतो
आणि गाठ कुणालाच लागत नाही.

काल रात्री मी नवी आवृत्ती उतरवून घेतली.
सोबत बदलांची यादी होती,
कुठल्या देशातल्या कुणी लिहिली, माहीत नाही.
एकोणिसावी ओळ:
अनेक बाइटच्या अक्षरांची हाताळणी दुरुस्त.
बस, एवढंच.
विसावी ओळ तारखांबद्दल होती.

जुनं काढलं, नवं बसवलं, हात जोडले
(सिद्धेश्वराला की सर्व्हरला, विचारू नका),
पगारपत्रकाची आज्ञा दिली.
प्रिंटर कुरकुरला
आणि नावं आली.
येमुल आले, बोद्दुल आले, शेख आले, हत्तुरे आले,
अंबूबाई आपल्या दोन्ही ऊ-ईसकट आली.
रात्री अडीचला मी एकटीच
तीनशे चाळीस जणांची हजेरी मोठ्यानं वाचत होते.

नरसय्या मात्र सापडेना.
त्याच्या नंबरापुढे लिहिलं होतं
नरसप्पा इराबत्ती.

कुण्या जुन्या कारकुनानं
भरतानाच चुकवलं होतं.
सात अक्षरांऐवजी सातच अक्षरं,
त्यामुळे झाकलं गेलं बारा वर्षं.
नव्या दुभाष्यानं काही गाळलं नाही,
खात्यात जे होतं ते जसंच्या तसं आणून ठेवलं.

सकाळी त्याला बोलावलं.
त्यानं कागद डोळ्यांपासून लांब धरला,
अंगठ्यावरची राख नावाला लागली.
हसला.
म्हणजे मी बारा वर्षं
दुसऱ्याचाच पगार खाल्ला म्हणा की.
मी म्हटलं, आधी कळतच नव्हतं हो,
आता निदान चूक तरी दिसली.
हां, म्हणाला, दिसली तर सोडवता येते.
माझंबी तसंच असतंय.

प पुसला, दोन्ही.
य टाकला, दोन्ही.
परत छापलं. त्यानं घडी घालून खिशात ठेवलं,
पगाराचा कागद नव्हता तो, तरी.

दुपारपासून दारात रांग.
ज्याला त्याला स्वतःचं नाव तपासायचंय.
सिद्राम कुरापाटीचं अगदी बरोबर निघालं.
तो जरा हिरमुसलाच.